समजलं का सगळ्यांना?

रविवारी भावाकडे दळण पोचवायला गेले. ओट्यावर तांदळाच्या डब्याला मोबाइल टेकवून भावजय सुनीता पोळ्या लाटत होती आणि संख्याशास्त्राचा वर्ग ऐकत होती. घरबसल्या करायचा, आधीच रेकॉर्ड करून ठेवलेला, हजारोंनी नाव घातलेला फुकटचा कोर्स. लग्नात सुटलेलं शिक्षण तिला निदान असं तरी पुरं करायचंय.

सर छान शिकवत होते. मध्येच थांबून त्यांनी विचारलं, “समजलं का सगळ्यांना?”

“नाही हो सर,” सुनीता म्हणाली. वर न बघता.

सर क्षणभर थांबले, प्रसन्न हसले. “छान. मग पुढे जाऊ.”

मला हसू यायला हवं होतं. आलं नाही. मी आपलं कामाचं बोलले, “शंका क्रमाने लिहून काढ आणि पाठवून दे.”

“पाठवली की, ताई. तिसऱ्या आठवड्यातच.”

पिठाच्या बोटाने तिने मोबाइलवर कोर्सचं शंकांचं पान उघडलं. तिच्या प्रश्नाखाली गावोगावच्या लोकांनी एकच वाक्य लिहिलं होतं: मलाही हेच विचारायचंय. उत्तर एकही नव्हतं.

आमच्या शाळेत बाई नुसते आमचे चेहरे बघून खडू पुन्हा उचलायच्या. पण त्या वर्गात मावायच्या चाळीसच मुली. सुनीताला आज दुसरा कुठला वर्ग आत घेणार?

“मग सोडतेस?”

“छे! शनिवारी परीक्षा आहे,” तिने पोळी उलटली. “हे एवढं पाठ करून टाकते.”