मावशींची गादी आणि डॉक्टरांची हिरवी गाडी

गादीवाल्या मावशींचा एक नेम होता. शिवलेल्या गादीवर स्वतः बसून चहा प्यायल्याशिवाय त्या ती गिऱ्हाइकाच्या हवाली करत नसत. पाठ कुरकुरली, की टाके उसवून पुन्हा सुरुवात.

म्हणूनच दातांच्या डॉक्टरांनी आपल्या जुन्या विलायती स्पोर्ट्स कारच्या सीटा त्यांच्याकडे सोपवल्या. दोनच माणसांची, वरून उघडी, हिरवीगार गाडी. असल्या गाड्या जगात बोटांवर मोजण्याइतक्याच उरल्यात, हे डॉक्टर दात उपटतानाही सांगत. पेशंटच्या तोंडात बोळा, तो बिचारा काय बोलणार!

सीटा बसवून मावशी स्टिअरिंगमागे चहा प्यायला बसल्या. पण चण बुटकी आणि बॉनेट हे एवढं लांब! पुढचं काही दिसेना. त्यांनी भरावाचा एक थर वाढवला. मग आणखी एक. शेजारच्या सीटला भराव कमीच पडला. शेवटी चहा गोड लागला, तेव्हा गाडी ट्रकवर चढवून थेट जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनात नेली.

तिथला नियम असा, की परीक्षकांसमोर गाडीने एक फेरी मारायची, नाहीतर बाद. सहाफुटी डॉक्टर आत बसले, तर डोकं काचेच्या वर आणि गुडघे स्टिअरिंगमध्ये अडकलेले.

"मावशी, ही सीट आहे की सिंहासन?"

"मला तर झकास दिसत होतं."

"अहो, पण गाडी मी चालवणार ना!"

 आजवर मावशींच्या हातची गादी कधी परत आली नव्हती. आज मात्र भर मैदानात, त्यांच्यापायी गाडी बाद! तेवढ्यात लाउडस्पीकरवर डॉक्टरांचा पुकारा झाला.

"उतरा डॉक्टर. पलीकडे बसा."

"तुम्हाला चालवता येते?"

"मग सोफे काय डोक्यावरून पोचवते? आमचा टेम्पो मीच चालवते!"

त्यांनी चष्मा पुसला, "देवा, सांभाळ रे" म्हणत किल्ली फिरवली आणि गाडी अशी अलगद वळवली, की परीक्षकसुद्धा टाळ्या वाजवत उभे राहिले. पलीकडच्या पातळ सीटवर डॉक्टर ऐटीत हात हलवत होते.

बक्षीस दुसऱ्याच गाडीला मिळालं.

"थर काढून देते," मावशी म्हणाल्या.

"राहू द्या हो," डॉक्टर म्हणाले, "इकडून लोकांकडे बघायला सवड मिळते."

तेव्हापासून रविवारी दुकानासमोर हॉर्न वाजतो. तिथवर डॉक्टर गुडघे आवळून गाडी आणतात, तिथून पुढे मावशी चालवतात.