त्र्यंबकरावांचं इंग्लंड

अमेरिकेत मॉरिसव्हिलमधल्या मराठी माणसाला इंग्लंडला जायचं असलं, की तो आधी त्र्यंबक हर्डीकरांकडे जायचा आणि मग तिकिटाकडे बघायचा. भारतात जाताना लंडनला विमान बदलावं लागतंच, तर चार दिवस तिथे उतरून इंग्लंडची खेडी का पाहू नयेत, ही कल्पना मुळात त्यांचीच. दिवसा हे गृहस्थ एका कंपनीचे डेटाबेस सांभाळत आणि उरलेला वेळ इंग्लंड. बाथ गावात गाडी कुठे लावावी, यॉर्कच्या तटावर कुठून चढलं की गुडघे कुरकुरत नाहीत, कुठल्या खेड्यातला चहा नुसताच महाग आहे, सगळं तोंडपाठ. ऐकणाऱ्याला वाटावं, यांची मुंज तिथेच झाली असणार.

आणि या माणसाने इंग्लंड डोळ्यांनी पाहिलंच नव्हतं!

झालं होतं असं, की २००१ साली त्यांनी ग्रीन कार्डाचा अर्ज केला, तेव्हा वकीलबाईंनी बजावलं होतं, "कार्ड हातात पडेपर्यंत देशाबाहेर पाऊल टाकू नका." असं सगळ्याच वकिलांनी सगळ्यांनाच बजावलेलं असतं. बाकीचे मान डोलावतात आणि बहिणीच्या लग्नाला जाऊन येतात. पण त्र्यंबकराव म्हणजे रिकाम्या रस्त्यावरही पिवळा दिवा दिसला की गाडी थांबवणारा माणूस. ते थांबले ते थांबलेच. "एकदा तिथे पाऊल ठेवायचंय, बस्स," असं मात्र ते दर रविवारी चहा पिताना म्हणत, आणि त्यांची बायको प्रतिमा "ठेवा हो ठेवा" म्हणून पेपर उलटत असे.

त्यांचं सगळं इंग्लंड उभं होतं मिसेस पेनफोल्ड नावाच्या एका म्हाताऱ्या बाईंच्या जिवावर. लोअर स्टॅनव्हेल नावाच्या खेड्यात त्यांचं जुनं दगडी घर होतं. वरच्या तीन खोल्या त्या पाहुण्यांना भाड्याने देत, सकाळच्या न्याहारीसकट. त्र्यंबकराव शनिवारी सकाळी परदेशी फोनचं कॉलिंग कार्ड घेऊन बसत आणि बुकिंग करता करता बाईंची मेंढरं, गुलाब, सांधेदुखी अशी सगळी विचारपूस करत. त्या घराच्या उंबऱ्याचा दगड चारशे वर्षांचा होता, पावलांनी झिजून मधोमध वाटीसारखा झालेला. त्याचं वर्णन त्र्यंबकराव इतकं रंगून करत, की त्यांची लेक शिवांगी कानाला हेडफोन लावून निघून जाई. फोन ठेवताना ते बाईंना न चुकता सांगत, "पुढच्या वर्षी नक्की येतो."

येत होते दुसरेच. संजीव आणि शोभना हे शेजारी तिकडे गेले, त्याचं रामायण बाईंनी स्वतः फोनवर ऐकवलं. त्या देशात शेताशेतांतून जायची पायवाट सगळ्यांना मोकळी असते, हे त्र्यंबकरावांनी पढवून पाठवलं होतं. पण नागपूरच्या संजीवला परक्याच्या शेतात न विचारता घुसणं प्रशस्त वाटेना. तो फाटकाशी उभा राहून मालकाला हाका मारत बसला. मालक आला नाही, कुत्रा आला. पुढे गावचं जुनं चर्च बघायला गेले, तर दोघांनी दाराशी बूट काढले. त्या थंडगार फरशीवरून सगळं चर्च पायमोजांनी हिंडले. पाद्रीबुवांना वाटलं, यांच्याजवळ बूटच नाहीत. त्यांनी धर्मादाय पेटीतले दोन जोड काढून दिले, आणि शोभना "थँक यू" म्हणून ते घेऊनही आली. "चर्चवाल्यांनी आहेर केला यार," असं संजीव इथे अभिमानाने सांगत होता!

त्या प्रवासात आणखी एक घोळ झाला. वाटेत खायच्या पुऱ्यांसाठी प्रतिमाने शोभनाला आपला मोठा स्टीलचा डबा दिला होता, आत्याबाईंनी नाव घालून दिलेला. तो परत आला नाही. शोभना म्हणे, दिला. प्रतिमा म्हणे, नाही दिला. दोघी हळदीकुंकवाला एकमेकींकडे जात, पण डब्याचा विषय निघाला की हवा गार होई.

२००७ च्या उन्हाळ्यात मिसेस पेनफोल्डबाईंचाच फोन आला. गुडघे थकले होते, घर विकायला काढलं होतं. सप्टेंबरअखेर नवे मालक येणार होते. "आता तरी ये, त्र्यंबक. पुढचं वर्ष नाहीये."

त्र्यंबकराव हादरले. त्यांनी वकीलबाईंना फोन केला. बाई म्हणाल्या, आता कार्ड अगदी तोंडावर आलंय, आता तर मुळीच नको. प्रतिमा चिडली. "अहो, सगळं जग जाऊन येतं! रिस्क घ्या की जरा आयुष्यात." त्यांनी बॅग भरली. रिकामी केली. पुन्हा भरली. सप्टेंबर संपला तेव्हा बॅग पलंगाखाली होती आणि आत नुसताच एक स्वेटर होता. शनिवारी सकाळी त्यांचा हात सवयीने फोनकडे जाई आणि मग ते उगीच गाडी धूत बसत. माणूस खरंच खचला होता.

ऑक्टोबरात एक दिवस फोन वाजला. "मी व्हर्जिनियात भाच्याकडे निघालेय," मिसेस पेनफोल्ड म्हणाल्या. "विमान तसंही बदलायचंच आहे, तर म्हटलं, वाटेत चार दिवस तुझ्याकडे उतरावं. कल्पना तुझीच."

बाई आल्या. ठेंगण्या, काठी टेकत, आणि दारातच बूट काढून. "मला संजीवने शिकवलंय," म्हणाल्या. त्र्यंबकरावांनी त्यांना ऐतिहासिक मॉरिसव्हिल दाखवायचं ठरवलं आणि तिथेच गोची झाली. इंडियन ग्रोसरी २००३ ची, तिच्या शेजारची बँक २००५ ची. शेवटी त्यांनी आपल्याच घराचं छप्पर दाखवलं, एकोणीसशे अठ्ठ्याण्णवचं. "माझी काठी याहून जुनी आहे," बाई म्हणाल्या, पण छप्पर त्यांनी मान वर करून मनापासून पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सगळे जेवायला जमले, संजीव-शोभनाही. जेवणं झाल्यावर बाईंनी बॅगेतून एक जड डबा काढून टेबलावर ठेवला. स्टीलचा. झाकणावर कोरलेलं: सौ. प्रतिमास, आत्याकडून.

प्रतिमाने शोभनाकडे पाहिलं. शोभनाने संजीवकडे पाहिलं. संजीव एकदम ताटात उरलेली शेवग्याची शेंग चघळू लागला.

"संजीव हा माझ्या घरी विसरून गेला होता. तुमच्यात डबा रिकामा परत करत नाहीत, असं ही म्हणाली होती," बाई शोभनाकडे बोट दाखवत म्हणाल्या. "मी रिकामा आणला नाही."

त्र्यंबकरावांनी झाकण काढलं. आत पिठाच्या पिशवीत गुंडाळलेला दगड होता, पसाभर, पिवळट, एका बाजूला झिजून गुळगुळीत खळगा पडलेला. नव्या मालकांनी उंबरा बदलला होता. त्यातला हा तुकडा बाईंनी मागून घेतला होता. "तुला यायला जमलं नाही," त्या म्हणाल्या, "म्हणून मीच घेऊन आले."

त्र्यंबकरावांचे डोळे भरून आले आणि त्यांनी ते लपवलेही नाहीत. मग त्यांनी दगड स्वयंपाकघराच्या फरशीवर ठेवला, उजव्या पायातला मोजा काढला, एका हाताने फ्रिज धरला आणि उजवं पाऊल हळूच त्या खळग्यात टेकवलं.

"बाबा, इज दॅट इव्हन लीगल?" शिवांगीने विचारलं.

त्र्यंबकरावांचा चेहरा क्षणभर पडला. प्रतिमाने पुढे होऊन त्यांचा दंड घट्ट धरला.

"तुम्ही खुशाल उभे राहा," ती म्हणाली. "फक्त डावा पाय उचलू नका. तो अमेरिकेतच असू दे."