फाडलेली शेवटची आठ पानं

म्हसळ्याच्या स्टँडवरून बोरिवलीची एसटी पकडली तेव्हा दोन पिशव्यांत तांदूळ आणि नारळ होते, आणि थापा मी तोंडात घेऊन निघालो होतो. लग्नाला सव्वा महिना झालेला. सुनीताला सांगितलं होतं, भाईंदरची आपली जागा हवेशीर आहे, शेजार चांगला आहे, पाणी घरात आहे. आई खिडकीशी उभी राहून म्हणाली, "तिच्याशी बोलत जा रे. चारचौघांत बडबडतोस आणि घरात मुका." गाडी हलली आणि मी शेजारी बसलेल्या सुनीताला सोडून कंडक्टरशी गप्पा मारायला लागलो.

वाडीत राहिलेल्यांनी आणि माझ्यासारखं वाडी सोडून विरार-पनवेलला पांगलेल्यांनी पुढची गोष्ट कुणाकुणाकडून ऐकलेली आहे. दर वेळी मी तिच्यात थोडा जास्त मूर्ख होतो. म्हणून खरा मूर्खपणा किती होता, ते मीच लिहून ठेवतो.

साल दोन हजार तीन. खारीगावातल्या चाळीत एक खोली. आता तिथे चारी बाजूंनी बिल्डिंगा आहेत, तेव्हा थोडं आकाश होतं. खोली हवेशीर होती, कारण खिडकीला एक काच नव्हती. शेजार चांगला होता, पण हिंदी-गुजरातीत. नळ खोलीतच होता, ही माझी एकुलती एक खरी निघालेली थाप, आणि तीच अंगावर आली. गावी विहिरीवर जाऊन येईपर्यंत सुनीताला दहा जणी भेटायच्या. इथे पाणी भरायलासुद्धा कुणी भेटेना. मी सकाळी हाटकेशला गाळ्यावर जायचो, स्टीलच्या डब्यांना पॉलिश करायला, आणि संध्याकाळी नाकाकानात काळी पूड घेऊन परत यायचो. जेवायचो, झोपायचो.

जूनमध्ये एकदा भाकरी थापता थापता ती म्हणाली, "गणपतीला गावी जाऊ ना, तेव्हा मी तिथेच राहीन म्हणते. आईंना मदत होईल. तुम्ही येत जा सणासुदीला."

भांडायला जागाच नव्हती. आपल्या वाडीतली निम्मी घरं अशीच चालतात. मी म्हणालो, "मीठ कमी आहे."

माहेरी ती वाचनालयातल्या कादंबऱ्या वाचायची, असं सोयरिकीच्या वेळी कुणीतरी तक्रारीच्या सुरात सांगितलं होतं. ते आठवलं. केबिन रोडला एका साड्यांच्या दुकानाच्या वर एक काकू लायब्ररी चालवायच्या. मी जाऊन नाव घातलं.

"ऐतिहासिक देऊ की सामाजिक?" काकूंनी विचारलं.

"प्रेमाचं द्या."

"ते दोन्हीत असतं."

आणि खरंच, खोलीत बोलणं सुरू झालं. मी जेवायचो आणि सुनीता सांगायची. कधी किल्ल्यावरची सरदाराची मुलगी, कधी कॉफी शॉपमध्ये बसणारा डॉक्टर. मला वाटलं, जमलं. मग मी मुखपृष्ठावर आंब्याचं झाड बघून एक सामाजिक उचललं. त्यात बाई शहरातल्या घुम्या इंजिनियर नवऱ्याला सोडून कोकणात परत येते आणि सुखात राहते. पुस्तक मिटून सुनीता म्हणाली, "किती खरं लिहिलंय हो!"

त्या दिवसापासून मी सेन्सॉर बोर्ड झालो. पुस्तक आधी गाळ्यावर न्यायचं, जेवणाच्या सुट्टीत आधी शेवट वाचायचा, नायिका नवऱ्याकडे राहिली तरच घरी न्यायचं. गाळ्यावर माझ्या बाजूला जालन्याकडचा साळवे होता.

"काय राव, बायकांची पुस्तकं वाचायलास का?"

आठवड्याभरात तोच म्हणायला लागला, "त्या सरदाराच्या पोरीचं पुढं काय झालं? मोठ्यानं वाच की." एकदा वाचता वाचता माझे डोळे भरून आले.

"पावडर गेली का डोळ्यात?" साळवेनं विचारलं.

"हो."

"माझ्याबी गेली."

मग ते पुस्तक आलं, ज्याच्यासाठी केबिन रोडच्या निम्म्या बायकांनी नंबर लावला होता. सुनीतानंही. पेशवाईतला एक कारकून, आयुष्यभर दुसऱ्यांची पत्रं लिहितो, स्वतःच्या बायकोशी एक शब्द बोलत नाही. शेवटच्या आठ पानांत ती डोलीत बसते आणि घाट उतरून बापाकडे निघून जाते. नाही आणावं तर सुनीता विचारणार. मी स्टीलची पट्टी लावली आणि आठही पानं सरळ रेषेत फाडली.

"पाप लागंल," साळवे म्हणाला.

"लायब्ररीचं?"

"बायकोचं."

दोन दिवसांत तिनं पुस्तक संपवलं. तिसऱ्या संध्याकाळी मी घरी आलो तर पुस्तक पहिल्या कोऱ्या पानावर उघडून माझ्यासमोर ठेवलेलं. लायब्ररीतल्या बायकांची एक रीत असते: पुढच्या वाचणारीसाठी त्या कोऱ्या पानावर पेन्सिलीनं आपलं मत लिहून ठेवायचं. मी शेवटाकडून वाचणारा, पहिलं पान बघितलं होतं कुणी? तिथे लिहिलं होतं, "शेवटी ती माहेरी जाते. फार रडू आलं." खाली दुसरं अक्षर: "रडू कसलं? बरं केलं. मेल्याला तोंड नव्हतं?"

"पानं कुठायत?" सुनीतानं विचारलं.

"जुनं पुस्तक आहे. गळली असतील."

"पट्टी लावून गळतात का, अहो?"

मी डब्याच्या पिशवीतून पानं काढून दिली. तिनं ती उभ्या उभ्या वाचली, आठही. मग म्हणाली, "एवढं फाडायला जमलं तुम्हाला. 'राहा' म्हणायला नाही जमलं?"

गाळ्यावर दहा जणांना हसवणारा मी. कशीबशी जीभ उचलली. "राहा. मला करमणार नाही."

"आणि मला इथे करमतं का, हे विचारलंत कधी? दिवसभर कुणाशी बोलू, भिंतीशी?"

मी ती आठ पानं परत पुस्तकात घातली.

रविवारी दोघं लायब्ररीत गेलो, मी गुन्हा कबूल केला. काकूंनी पानांची कड बघितली आणि शिक्षा दिली: चार रविवार बसून फाटकी पुस्तकं चिकटवायची. पहिल्याच रविवारी मी एका कादंबरीचा उत्तरार्ध दुसरीला चिकटवला, आणि सरदाराचं लग्न मुलुंडच्या नर्सशी लागलं. सुनीतानं माझ्या हातातला खळीचा ब्रश काढून घेतला. अर्ध्या तासानं काकू तिला म्हणाल्या, "तू येत जा गं उद्यापासून दुपारची. याला घरीच ठेव." ती जायला लागली. केबिन रोडच्या बायका तिला विचारायच्या, "ताई, रडवणारं आहे का हे?" घरी येऊन ती मला कादंबऱ्यांऐवजी त्या बायकांच्या गोष्टी सांगायची. गणपतीनंतरचं मात्र काही बोलली नाही, आणि मी विचारलं नाही. सुधारणा इतकीच झाली होती माझ्यात.

गावी गौरी गेल्या त्या दुपारी मी ओटीवर पडलो होतो. आत आई नारळ खवत होती. सून राहणार म्हणून तिनं माजघरातलं एक फडताळ रिकामं करून ठेवलं होतं, आत नवीन कागदही अंथरला होता. सुनीता म्हणाली, "आई, आम्ही दोघं परवा निघतो. सोमवारी लायब्ररी उघडायचीय, चावी माझ्याकडे आहे."

खवणीचा आवाज थांबला. आईच्या तोंडी घर म्हणजे वाडीतलं हे एकच, बाकी सगळी नुसती जागा. मला ती नेहमी "तिकडे पोचलास की फोन कर" म्हणायची.

"बरं," आई म्हणाली. "घरी पोचलात की फोन करा."

आणि पुन्हा नारळ खवायला लागली.