टाकीखालची दुलई

उघडी वस्तू दिसली की ज्याचा जीव कासावीस होतो असा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो आमच्याच नात्यात निघाला. माझ्या यजमानांचे हे मावसभाऊ इंग्लंडात, लीड्सच्या एका हॉस्पिटलात भूल द्यायचे; आम्हीही तेव्हा त्याच गावात राहत होतो. लग्न केलं नव्हतं. त्यांच्या घरी किटलीला टोपरं, टीव्हीला झूल आणि टेलिफोनला भरतकामाचा बुरखा. फोन वाजला की भाऊजी आधी बुरखा काढून त्याची घडी घालत, तोवर पलीकडचा माणूस कंटाळून ठेवून देई. पाहुणा सोफ्यावर जरा लवंडला, तर जागा होईपर्यंत त्याच्या अंगावर ब्लँकेट चढलेलं असे. "माणूस गारठला की निम्मा गेला, वहिनी," असं ते मला पुनःपुन्हा सांगत. मला कामं यादीने उरकायची सवय. या माणसाचं तर्कशास्त्र माझ्या कुठल्याच यादीत बसलं नाही.

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी कधीतरी त्यांच्या हाती कौन्सिलचं, म्हणजे तिथल्या नगरपालिकेचं, पत्रक पडलं. घरातली ऊब छपरातून निघून जाते, म्हणून लॉफ्टमध्ये, म्हणजे छपराखालच्या माळ्यावर, काचेच्या लोकरीचा थर घाला, असं त्यात होतं. आपलं छप्पर इतकी वर्षं उघडंच होतं, या विचाराने त्यांचं जेवणावरचं लक्ष उडालं. त्याला कारणही होतं. आदल्या हिवाळ्यात त्यांची आई, म्हणजे आमच्या मावशी, पुण्याहून सहा महिन्यांसाठी आली आणि "गारठा सोसत नाही रे" म्हणून पंधरवड्यात परत गेली. यंदा मावशी पुन्हा येणार होत्या. याही वेळी अशाच गेल्या, तर परत येणार नाहीत, हे न बोलता सगळ्यांना कळत होतं.

मी त्यांना कामाचा क्रम सांगितला. आधी तुळयांच्या मधे लोकर, मग वर फळ्या. तिथेच माळ्यावर असलेल्या पाण्याच्या टाकीखाली मात्र काही घालायचं नाही. खालच्या खोलीची ऊब तिला लागू द्यायची, नाहीतर ती गोठते. भाऊजींनी मान डोलावली, ऑपरेशनची टोपी आणि मास्क चढवला, रुग्णाची छाती तपासावी तशी प्रत्येक तुळईवर बोटं वाजवली आणि टाकीखाली दुप्पट थर घालून फळ्या पक्क्या स्क्रूने आवळून टाकल्या. मी कपाळाला हात लावला, तर म्हणाले, "सगळं घर पांघरुणात आणि ती बिचारी एकटी उघड्यावर?"

मावशी आल्या. ऊब वर जाते म्हणून वर हे सगळं केलंय, असं भाऊजींनी त्यांना समजावलं. "मग आपणच वर जाऊन बसू की," मावशी म्हणाल्या. त्यावर माळ्यावरच्या फळ्या दोघांचं वजन पेलतील का, ते भाऊजी खरंच बघून आले. घर खरोखर उबदार झालं होतं, तरी मावशी खिडकीशी शाल लपेटून बसत आणि परतीच्या तिकिटाची चौकशी करत.

जानेवारीत टाकी गोठली. स्वयंपाकघरातला नळ थेट रस्त्यावरच्या नळीला जोडलेला, म्हणून तेवढा चालू; वरच्या मजल्यावरचं बाथरूम टाकीच्या पाण्यावर, ते कोरडं. पाणी तापवून वर न्यायला मावशी तयार होत्या, पण उकळतं पातेलं घेऊन आई जिना चढते आहे, ही कल्पनाच भाऊजींना सोसेना. अंघोळीशिवाय मावशींची पूजा नाही. शेवटी शेजारच्या एकट्या राहणाऱ्या इंग्रज बाईंनी आपलं बाथरूम देऊ केलं. बादली आणि तांब्या घेऊन मावशी रोज सकाळी तिकडे जाऊ लागल्या. अंघोळीमागून चहा आला, चहामागून विणकाम. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, आणि गप्पा मात्र भिंतीतून ऐकू येत.

मी भाऊजींना सांगून थकले, टाकीखालचं पांघरूण काढा. ते "उद्या" म्हणत. पुढे बर्फ वितळलं, बागेत हिरवे कोंब दिसायला लागले, तरी बाथरूमचा नळ कोरडाच. मला काही उलगडेना. एका शनिवारी मी स्वतःच शिडी लावून वर गेले. टाकी पाण्याने काठोकाठ भरलेली होती. तिच्यातून बाथरूमकडे जाणाऱ्या नळीवरचा कॉक बंद होता.

"भाऊजी, हा कॉक कोणी बंद केला?"

ते शिडीच्या पायथ्याशी उभे होते. "खाली या, वहिनी."

"अहो, पण पाणी आहे."

"आहे." ते शिडी धरून राहिले. "गेल्या महिन्यात आई म्हणाली, तिकडे उशीर झाला तर जेवायला माझी वाट बघू नकोस. या घरात आल्यापासून ती तिकिटाशिवाय दुसरं काही बोलली नव्हती."

मी कॉकला हात न लावता उतरले. मावशी चांगल्या उन्हाळ्यापर्यंत राहिल्या, पुढच्या वर्षीही आल्या. आता त्याही नाहीत आणि भाऊजीही नाहीत. बर्फ वितळून महिने झाले तरी नळाला पाणी कसं नाही, असं मावशींनी एकदाही विचारलं नव्हतं. त्यांना ठाऊक होतं की काय, हे मी विचारायला हवं होतं. कामाच्या गडबडीत तेवढं राहून गेलं.