निळ्या चौकटींचा गाऊन

आमच्या ग्रंथालयाच्या तळघरात बाइंडिंगची खोली आहे. तिथं एक लांब टेबल, लोखंडी दाबयंत्र, खळीचं भांडं आणि एक खुर्ची. दुसरी खुर्ची होती, ती बाइंडरने स्वतः वर पाठवून दिली. “मी एकटा बसतो, ती कुणासाठी ठेवायची?” म्हणाले. तेव्हापासून सगळे त्यांना कमीकाका म्हणू लागले. हिशेब खातं माझ्याकडे असल्यामुळे माझं तळघरात जाणं-येणं असे. मी उभ्यानेच बोलत असे.

कमीकाका मुळात असे नव्हते. साधी राहणी, निसर्गाशी नातं, बागकाम अशी पुस्तकं आमच्याकडे फार वाचली जातात आणि सर्वांत आधी तीच उसवतात. लोक ती बागेत नेतात, झाडांना पाणी घालता घालता वाचतात. पानांत माती घेऊनच ती परत येतात. शिवण्याआधी पानं नीट लावायची म्हणून काका ती चाळत. चाळता चाळता वाचू लागले आणि वाचलेलं खरं मानू लागले. घरातलं सामान एकेक करून कमी झालं. जे राहिलं ते झिजेपर्यंत वापरायचं, झिजल्यावर दुसऱ्या कामाला लावायचं.

काकूंचा स्वभाव उलटा. रिकामे डबे, जुनी बटणं, कशालाही त्या हात लावू देत नसत. एकदा मी घरी गेलो तेव्हा म्हणाल्या, “बसा भाऊजी, लवकर बसा. चटई अजून आहे तोवर.”

“अगं, पाहुण्यांसमोर तरी!” काका म्हणाले.

“पाहुण्यांसमोरच बोलते. माझी पाळी कधी येते ते बघायला साक्षीदार नको?”

तिघंही हसलो होतो. पुढच्याच वर्षी काकू आजारी पडल्या आणि त्यातून उठल्या नाहीत.

लेक परदेशी नोकरीला. ती धावत आली, कशीबशी चार दिवस राहिली आणि परत गेली. ती गेल्यावर काकांनी काकूंचं कपाट उघडलं. धड कपडे गरजूंना दिले. एक नवा कोरा ड्रेस लेकीसाठी घडी करून ठेवला. उरला काकूंचा रोजचा गाऊन, निळ्या चौकटींचा, सुती, धुऊन धुऊन मऊ झालेला, कोपरावर विरलेला. तो कुणाला देण्याजोगा नव्हता.

पुस्तक शिवून झालं की त्याच्या पाठीवर सुती कापडाची पट्टी खळीने चिकटवतात. त्यावर पुठ्ठा चढला की ती दिसत नाही. तळघरात तेव्हा बागकामाच्या पुस्तकांचा गठ्ठा आला होता. काकांनी गाऊन आणला, कात्रीने पट्ट्या कापल्या आणि त्या पुस्तकांना लावल्या. मला म्हणाले, “वाया गेला नाही बघा. आता वर्षानुवर्षं कामात राहील.”  मला ते पटलंही होतं.

वर्षभराने लेक आली. घरी आईचं कपाट रिकामं सापडलं, तशी तडक तळघरात आली.

“बाबा, आईचा गाऊन कुठे आहे?”

“तुझ्यासाठी ड्रेस ठेवलाय की. अगदी नवा.”

“तो आईने अंगाला तरी लावला होता का? मला तो निळा हवाय. लहानपणी त्यालाच तर तोंड पुसायचे मी.”

काका खुर्चीवरून उठले. मला म्हणाले, “जरा वर चला आमच्याबरोबर.”

बागकामाच्या कपाटापाशी त्यांनी एक पुस्तक काढलं, मधोमध उघडून सपाट धरलं. असं धरलं की पुठ्ठ्याची पाठ सुटी होते आणि आत नळीसारखी पोकळी दिसते. त्यांनी एक डोळा मिटून आत पाहिलं. पांढरं कापड. दुसरं घेतलं. तेही पांढरंच. गाऊनच्या पट्ट्या लावलेली बरीच पुस्तकं वाचकांकडे गेलेली होती, काही भिजून रद्दीत. बापलेक शेजारी उभं राहून पुस्तकामागून पुस्तक डोळ्याला लावत होते. वाचक बघत राहिले.

खिडकीत भाजीपाला कसा लावावा, अशा एका पुस्तकाच्या पाठीत निळ्या चौकटी दिसल्या. लेकीने ते नाकाशी नेलं.

“खळीचा वास येतोय,” ती म्हणाली आणि तिथंच रडू लागली.

काकांनी खिशातून चाकू काढला. “काढून देऊ? निघेल. जपून काढतो.”

“नको. आता आणखी किती फाडणार, बाबा?”

दुसऱ्या दिवशी ती गेली. नवा ड्रेस चटईवर तसाच राहिला.

मी काकांना म्हटलं, “हे पुस्तक रद्दबातल दाखवतो, घेऊन जा.” ते म्हणाले, “चांगलं धडधाकट पुस्तक रद्द? वाचकांचं आहे ते.” मग त्यांनी ते स्वतःच्या नावावर, रीतसर, घरी नेलं. ज्या घरातून सगळं बाहेर गेलं, तिथं ही एक वस्तू आत आली. लेकीचा फोन येई, बोलणं हवापाण्यापलीकडे जात नसे. “पुन्हा आली तर हाताशी असावं,” एवढंच काका मला म्हणाले. मुदत संपली की ते पुस्तक घेऊन यायचे, काउंटरवरच्या बाई पुढची तारीख टाकायच्या.

असं बरेच महिने चाललं. मग कुणा वाचकाने त्याच पुस्तकाची मागणी नोंदवली. मागणी असली की मुदत वाढत नाही. बाई हळूच म्हणाल्या, “काका, सापडत नाही म्हणून सांगते त्यांना.”

“असं कसं? त्यांना खिडकीत काही लावायचं असेल.”

त्यांनी पुस्तक सपाट उघडलं, एक डोळा मिटून पाठीतून आत पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग मिटून काउंटरवर ठेवलं.

“त्यांना सांगा,” ते म्हणाले, “ओल्या हाताने धरू नका.”

आणि जिना उतरून तळघरात गेले.