तिरकी पाचर

गल्लीत तिला सगळे ‘कानस’ म्हणत. दिवसभर हातात कानस असायची म्हणून, आणि जीभही तशीच होती म्हणून. जुनी हत्यारं दुरुस्त करण्याचं हे काम तिला काकांनी शिकवलं होतं. काकांना लोक ‘उस्ताद’ म्हणत. आता मोतीबिंदूने डोळे जवळजवळ गेले होते, पण उस्तादपणा तसूभरही कमी झाला नव्हता.

तिचे बाबा पलटणीच्या शस्त्रागारात मुख्य मिस्त्री होते आणि काका त्यांच्या हाताखाली. मेसमध्ये काचेच्या पेटीत पलटणीचं सर्वांत जुनं घोडदळी पिस्तूल ठेवलेलं असे. एक दिवस ते नाहीसं झालं. पेटीची किल्ली बाबांकडे. चोरी शाबीत झाली नाही, पण नोकरी गेली. नंतर बाबा उंबऱ्याबाहेर पडेनासे झाले आणि झुरून झुरून गेले. शेवटच्या तापात ते पिस्तुलावरचा आकडा पुटपुटत होते.

बाबांची जागा काकांना मिळाली. भावजयीला आणि पुतणीला त्यांनीच सांभाळलं. “भाऊजी नसते तर आपण रस्त्यावर आलो असतो,” हे आईचं उठता-बसता ठरलेलं. कानसने मात्र लहानपणापासून एकच गोष्ट उराशी धरली होती. ज्याने बाबांना चोर ठरवलं, तो एकदा हाताला लागू दे!

एका दुपारी बाबांच्याच पलटणीतले कर्नल आले. निवृत्तीनंतर ते पलटणीचं संग्रहालय बघत. त्यांनी फडक्यातून एक गंजलेलं पिस्तूल काढून टेबलावर ठेवलं.

“जुन्या वस्तूंचा एक दुकानदार वारला. त्याच्या मुलाने हे आम्हाला दिलंय. कुठलं, कधीचं, काही कळत नाही. ओळख पटव आणि जपून दुरुस्त कर. चकचकीत करू नकोस हं!”

“मी काय भांडी घासते का, साहेब?”

कर्नल हसत गेले. काका वरच्या खोलीत वामकुक्षी घेत होते.

पिस्तूल ठासणीचं होतं. नळीखालचा दारू ठासायचा गज बिजागरीने जोडलेला, म्हणजे घोडेस्वाराचं. धावत्या घोड्यावर हातातून गज सुटला तरी पडत नाही. नळीच्या बुडाशी एक जागा जरा जास्तच सपाट होती. कुणीतरी तिथला ठसा कानसून टाकला होता. पण ठसा मारताना खालचं लोखंडही दबतं. वरून कितीही घासा, दाब आत राहतो. तिने जागा स्वच्छ करून तेजाबाचा बोळा हलकेच फिरवला, पुसला, पुन्हा फिरवला. पुसट आकडे वर आले.

बाबांच्या तापातला आकडा.

खिळे काढून तिने नळी लाकडी दस्त्यापासून वेगळी केली. मुठीजवळ लाकूड एकदा तडकून सांधलेलं होतं. तडा आरपार, आणि त्यात आतल्या बाजूने बसवलेली तिरकी पाचर, एका टोकाला रुंद, दुसऱ्या टोकाला निमुळती. वरून नजरेला काही दिसत नव्हतं, अंगठ्याला मात्र कळत होतं. ही पाचर कशी बसवायची हे शिकताना तिने बोटांच्या पेरांवर पट्ट्या खाल्ल्या होत्या. जगात ती दोनच माणसांना येत होती. एक ती स्वतः, आणि दुसरा वर घोरत होता.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पेटीतलं पिस्तूल गेलं तेव्हा त्याच्या लाकडावर ओरखडाही नव्हता, हे अख्ख्या मेसला ठाऊक होतं. म्हणजे चोरताना नाहीतर लपवताना ते तडकलं, आणि तडकलेलं हत्यार तसंच ठेवणं उस्तादांच्या जिवावर आलं. आकडा पुसायला विसरले नाहीत, पण खराब सांधा ठेवायला हात धजला नाही.

हातोडा घेऊन जिना चढावा असं तिला वाटलं. पण म्हातारा कानांवर हात ठेवेल, हे तिला पक्कं माहीत होतं. त्याच्याच तोंडून निघायला हवं होतं. ती रोज त्याचं ताट वाढत राहिली, गंज तेलाने भिजवून उतरवत राहिली. तो सांधा सोडून सगळं पिस्तूल तिने नीट केलं.

मग तिने कर्नलना बोलावलं. आईने सगळ्यांपुढे चहा ठेवला आणि ती दाराशी उभी राहिली. कानसने काकांच्या हातात फक्त लाकडी दस्ता दिला.

“काका, जरा बघा ना. कुणा नवशिक्याने सांधलंय. उकलून पुन्हा करावं म्हणते.”

काकांचा अंगठा तड्यावरून फिरला, थांबला, परत फिरला.

“नवशिक्या? अगं, अक्कल गहाण टाकलीस की काय? ही तिरकी पाचर आहे!”

“असेल. पण ढिली वाटते. बाबांच्या हातची असेल.”

“तुझ्या बापाला सात जन्मांत जमली नसती ही! त्याला सरळ पाचरसुद्धा धड बसवता येत नव्हती. माझा हात आहे हा, माझा! कर्नलसाहेब, सांगा हिला.”

“ऐकलं मी, उस्ताद,” कर्नल म्हणाले. त्यांना अजून काही उमगलं नव्हतं.

कानसने नळी आणली. काकांच्या हातातल्या दस्त्यात ती ठक्कन बसली. हाताने घडवलेली नळी आपल्याच लाकडात अशी बसते. बिजागरीचा गज खाली लोंबला आणि काकांच्या मनगटाला लागला. त्यांचा चेहरा उतरला.

“आकडा वाचा, साहेब,” ती म्हणाली. “मोठ्याने वाचा. याला दिसत नाही.”

कर्नलनी चष्मा लावला. आकडा वाचताना त्यांचा आवाज अर्ध्यावर बसला, पण त्यांनी पुरा वाचला.

“दादाची किल्ली घेऊन नुसतं बघायला काढलं होतं, मी परत ठेवणार होतो,” काका पुटपुटले. “पडलं हातातून, तडकलं... सांधेपर्यंत बोभाटा झाला, मग विकून टाकलं. दादाला नुसतं रागावतील असं वाटलं होतं. वहिनी, तुम्हाला मी कधी काही कमी पडू दिलं का?”

“सांधा उकलू नकोस गं,” कर्नल हळूच कानसला म्हणाले. “असाच पेटीत ठेवू. कुणी केला तेही खाली लिहू.”

“आणि चोर कोण नव्हता, ते आधी लिहा.”

आई दारातून पुढे आली. भाऊजींपुढचा भरलेला कप तिने उचलला, मोरीत ओतला आणि विसळून फळीवर पालथा घातला.