पाणी असं वाहत नसतं

डेलमर स्टिडमचं पहिलं प्रवचन चार मिनिटांत आटोपलं, आणि त्यातलं एक मिनिट तर घसा खाकरण्यातच गेलं. पूर्व केंटकीच्या त्या डोंगरखोऱ्यांत बॅप्टिस्ट मंडळीची रीतच आहे. देवानं मला बोलावलंय असं कुणी म्हणालं, की त्याला एकदा सगळ्यांसमोर उभं करायचं, ऐकून घ्यायचं आणि मग हात वर करून ठरवायचं, याला उपदेशकाचा परवाना द्यायचा की नाही. डेलमरसाठी दोनच हात वर झाले. एक त्याच्या आईचा, व्हर्लीचा. दुसरा एका म्हाताऱ्याचा, जो नुकताच झोपेतून दचकून उठला होता.

"पोरगं गुणी आहे," मंडळीचा कारभारी, डीकन बर्ल हेन्सली बाहेर येऊन म्हणाला, "पण याला हाक मारली ती देवानं नसावी, शेजाऱ्यानं मारली असावी."

डेलमर मुकाट्यानं आपल्या धंद्याला लागला. धंदा पाट्या रंगवण्याचा. कोळशाच्या ट्रकांच्या दारांवर मालकांची नावं, दुकानांचे फलक, असलं सगळं. पण आतली हाक काही गप्प बसेना. ब्रश हातात असला की त्याला प्रार्थना सुचायची, आणि चार माणसांसमोर उभं राहिलं की बोबडी वळायची. आता अशा माणसानं करावं तरी काय!

त्यातून त्याला खरी टोचणी होती ती बापाची. कॉय स्टिडम दर रविवारी बायकोला ट्रकमधून चर्चला आणायचा, आणि उपासना संपेपर्यंत बाहेर ट्रकमध्येच बसायचा. रेडिओ लावून. पाऊस असो, बर्फ असो. असं एक-दोन नाही, अडतीस वर्षं.

कारण ऐकाल तर हसाल. कॉय चोवीस वर्षांचा असताना त्याचा बाप्तिस्मा ठरला होता. तेव्हा मंडळी ट्रेस फोर्कच्या ओढ्यात माणसाला पूर्ण बुडवून बाप्तिस्मा द्यायची, मोठ्या सायकमोर झाडाखालच्या डोहात. नेमकं त्याच उन्हाळ्यात खाणीचं पाणी ओढ्यात उतरलं आणि सगळा ओढा गंजलेल्या पत्र्यासारखा तांबडा झाला. मंडळीनं चर्चमध्ये, व्यासपीठामागं, पाण्याचा हौद बांधला. कॉय स्वतः त्या खाणीत कामाला. त्याला ते लागलं. "ओढा आजारी पडला म्हणून टाकून देता होय त्याला? मी काही धुणं नाही टबात बुचकळायला," असं म्हणून तो जो बाहेर पडला, तो पडलाच.

आता तो बासष्टचा होता. कोळशाच्या धुळीनं फुप्फुसं खाल्ली होती, नाकात ऑक्सिजनची नळी आली होती. डॉक्टरांनी व्हर्लीला बाजूला घेऊन सांगितलं होतं, फार तर एक हिवाळा. व्हर्लीची देवाकडं एकच मागणी उरली होती, हा माणूस बाप्तिस्मा न घेता जाऊ नये. डेलमरचीही तीच. पण कॉयपुढं तो विषय काढायची कुणाची छाती नव्हती.

त्या सप्टेंबरात पाळक लॉन्झो यांनी डेलमरला बोलावलं. हौदामागची भिंत अडतीस वर्षं कोरी होती. त्यावर येशूचा बाप्तिस्मा झाला ती यार्देन नदी रंगवायची, असं मंडळीनं ठरवलं होतं. बर्लनं एका कॅलेंडरचं पान फाडून आणलं होतं. निळीशार नदी, दोन्ही काठांना खजुराची झाडं.

"अस्संच पाहिजे," बर्ल म्हणाला. "स्वतःचं डोकं चालवू नकोस."

डेलमरनं आठवडाभरात निम्मी नदी उतरवली. मग एका दुपारी तो डबा घरी विसरला, आणि व्हर्लीचे गुडघे धरलेले, म्हणून कॉयला यावं लागलं. तो बाजूच्या दारात उभा राहिला, एक पाय आत, एक बाहेर. बीन्सचा डबा आणि कॉर्नब्रेड पुढं केलं. भिंतीकडं बघितलं.

"हे काय आहे?"

"यार्देन आहे, बाबा."

"रंग आहे नुसता. पाणी असं वाहत नसतं लेका. खडकाला वळसा घालताना ते आधी फुगतं, मग खाली जातं. हे तर इस्त्री केल्यासारखं दिसतंय."

दुसऱ्या दिवशी डबा विसरला नव्हता, तरी कॉय आला. तिसऱ्या दिवशी आत येऊन शेवटच्या बाकावर बसला, चौथ्या दिवशी पहिल्या. सिलिंडर शेजारी, आणि तोंड अखंड चालू. डोह कुठं खोल होता, सायकमोरची कुठली फांदी पाण्यावर वाकली होती, बायका कुठल्या चपट्या खडकावर कोरडे कपडे ठेवायच्या. मध्येच दम लागायचा, मग हातानंच हवेत वळणं काढून दाखवायचा. डेलमर विचारत गेला आणि बाप सांगेल तसं रंगवत गेला. बाप आपल्याशी इतकं कधी बोललाच नव्हता. परांचीवर उभ्या उभ्या त्याचे डोळे भरून यायचे, तो पाठ फिरवून ब्रश धुवायचा. खजुराची झाडं कधी गेली, त्याचं त्यालाही कळलं नाही.

बर्लला मात्र कळलं. बुधवारच्या सभेत त्यानं कॅलेंडरचं पान टेबलावर आपटलं.

"यार्देन सांगितली होती. यानं ट्रेस फोर्क काढलाय! माझा ठराव आहे, भिंत पांढरी करा आणि बाहेरचा पेंटर आणा."

डेलमर उभा राहिला, तोंड उघडलं, आणि नेहमीप्रमाणं काही बाहेर आलं नाही. तेवढ्यात मागून सिलिंडरची चाकं कुरकुरली.

"बर्ल्या, भिंतीला हात लावून तर बघ."

पाळक ओशाळून म्हणाले, "कॉयभाऊ, ही सभासदांची सभा आहे. तुम्ही सभासद नाही. तुम्हाला बोलता येणार नाही."

"मग करा सभासद."

सगळ्यांच्या माना मागं वळल्या. सभासद व्हायचं तर आधी बाप्तिस्मा, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक.

"कॉय," बर्ल हळूच म्हणाला, "टबात उतरणार नाही म्हणाला होतास ना?"

"टब कुठंय? बघ की मागं. ओढा आहे तो."

बर्लनं बघितलं. रागाच्या भरात त्यानं आतापर्यंत फक्त नसलेली खजुराची झाडं मोजली होती. आता तो पुढं गेला, चष्मा वर सरकवला, आणि चपट्या खडकावर बोट ठेवलं.

"हा खडक," तो म्हणाला. "अकरा वर्षांचा होतो मी. आईनं माझी कोरडी पँट इथंच ठेवली होती." तो सभेकडं वळला. "ठराव मागं घेतो."

"आणि एक," कॉय म्हणाला. "मला बुडवायचं ते याच्याच हातानं. पाणी यानं आणलंय."

"त्याला परवाना नाही," पाळक म्हणाले.

"मी सुचवतो, द्यावा," बर्ल म्हणाला. "आणि लवकर हात वर करा, या माणसाचा सिलिंडर संपत येईल."

या खेपेला हात मोजावे लागले नाहीत.

रविवारी कॉय पांढऱ्या शर्टात हौदात उतरला. नळी काढून व्हर्लीनं पायरीवर हातात धरली. डेलमर कंबरभर पाण्यात, एक हात बापाच्या पाठीवर. तो सगळ्यांसमोर होता, पण त्याला बापच दिसत होता, म्हणून तो त्याच्याशीच बोलला. पाणी खडकाला कसा वळसा घालतं, माणसानं घाण केलं तरी पुढं कसं वाहत राहतं, आणि देवाची दया तशीच कशी अडतीस वर्षं बाहेरच्या ट्रकला वळसा घालत राहिली.

"आटप लेका," कॉय शेवटी कुजबुजला, "पाय गारठले."

डेलमरनं त्याला पाण्यात बुडवलं आणि उचललं. कॉय धापा टाकत वर आला. रडत होता की पाणीच होतं, कोण सांगणार. व्हर्लीनं नळी लावायच्या आधी त्याचं तोंड दोन्ही हातांत धरलं.

पुढं शेजारच्या खोऱ्यातून बोलावणं आलं, मग त्याच्या पलीकडच्या. डेलमर भिंत रंगवत रंगवत सुवार्ता सांगू लागला. प्रत्येक चर्चमध्ये पाच संध्याकाळी, हातात ब्रश, आणि गावातल्या हटवादी म्हाताऱ्यांना समोर बसवून त्यांच्याच ओढ्याची चौकशी. पहिल्या तीन चर्चना कॉय बरोबर गेला, आणि भर उपासनेत मुलाच्या चुका काढल्या. लोक हसत हसत पुढच्या बाकांवर सरकायचे. डॉक्टरांच्या एका हिवाळ्याचे त्यानं दोन केले.

चौथ्या चर्चला डेलमर आईला घेऊन एकटाच गेला. तिथल्या पाळकांनी व्हर्लीला, देवानं तुमच्यासाठी काय केलं त्याची साक्ष द्या, असं सांगितलं. ती बाक धरून उठली.

"अडतीस वर्षं मी देवाला म्हणत होते, या माणसाचा हट्ट मोड. त्यानं काही तो मोडला नाही. हट्टासकट पदरात घेतलं माझ्या कॉयला. त्याचे उपकार मी कुठल्या तोंडानं मानू!"

एवढं बोलून ती खाली बसली, आणि डेलमरनं ब्रश बुडवून भिंतीवरच्या खडकापाशी पाणी आधी फुगवलं, मग खाली सोडलं.